रेघेच्या आत

४ जून
नवी नोकरी, नवी खोली, आणि खिडकीत चक्क एक झाड! बालरुग्ण विभागात सगळे हसून बोलले. वॉर्डातली मावशी म्हणाली, डॉक्टरबाई, आमच्याकडे मुलं रडतील, पण फरशी कशी लखलखते बघा. मोठ्या डॉक्टरांना टापटीप लागते म्हणे. मलाही आवडते. इथे छान जमेल असं वाटतंय.

५ जून
दोन वर्षांची मुलगी दाखल झाली. एका जागी बसत नाही म्हणून आई तिला भिंगरी म्हणते. कांजिण्यांची खपली खाजवली आणि मांडीवर पंजाएवढी लाली, सूज, वर सणसणीत ताप. सलाईनमधून औषध सुरू केलं आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली. लाली रेघेबाहेर गेली, की समजायचं आजार पसरतोय. एक खटकलं. रेघेबाहेरच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीला नुसतं बोट लावलं तरी पोरगी किंचाळते; कातडीखाली खोलवर काही पसरत नसेल ना? मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, नव्या डॉक्टरांना जिथे तिथे भुतं दिसतात.

६ जून
राउंडला लाली रेघेच्या आत. मोठे डॉक्टर खूश. ताप मात्र हटत नाही, दुखणं वाढलंय. सर्जनना दाखवू या म्हटलं, तर हसले. यात हसण्यासारखं काय आहे?

७ जून
पुन्हा रेघेच्या आत. पण रेघ गुडघ्याला टेकलीय! मी तर ती चांगली चार बोटं वर ओढली होती. मला वेड लागलंय, की रेघ चालते?

८ जून, सकाळ
रेघ चालत नाही. चालवतात! राउंडआधी मावशी मुलांना पुसून काढते, शाई फिसकटते. फिसकटलेलं दिसलं की मोठे डॉक्टर अंगावर येतात, म्हणून सिस्टर तेव्हा जेवढी लाली असेल तिच्याभोवती नवी सुबक रेघ ओढते. रोज! आणि आम्ही दीडशहाणे रोज माना डोलावतो, आत आहे, आत आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टरवर ओरडले. ती रडत म्हणाली, मॅडम, रेघ कशासाठी असते हे मला कुणी सांगितलंच नाही. मोठे डॉक्टर बाहेरगावी. फोनवरून, उंटावरून शेळ्या हाकत, म्हणाले, उद्या बघू.

८ जून, दुपार
भिंगरी रडायची थांबली. आईला वाटलं, बरं वाटतंय. बरं कसलं! मांडी जांभळी, फोड आलेत, दाबलं तरी कळत नाही — आतलं मांस मरतंय. हातपाय गार. उद्या कसलं बघताय? कुणाला न विचारता सर्जनना बोलावलं. ते बघून एवढंच म्हणाले, काल का नाही —

८ जून, संध्याकाळ
ऑपरेशनला आत नेलंय. मेलेलं सगळं कापून काढलं नाही, तर पोरगी हातची जाईल. नेताना बघितलं — लाली जांघेच्या वर — पोटाकडे —

मोठ्या डॉक्टरांचा फोन. कुणाच्या परवानगीने, म्हणे. मी फोन आपटला.

आई विचारतेय, कुठपर्यंत कापणार. मी माझ्याच मांडीवर बोट ठेवून तिला दाखवतेय. बोट वर — अजून वर —