बोंबलाच्या डब्यातलं प्रूफ नाणं

पाचूबंदर, वसई
११ नोव्हेंबर २०२५

ती. कॅथरीन आत्या,

सप्रेम जय ख्रिस्त. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. पप्पांचा खांदा, मम्मीचं पित्त आणि तुझ्या भाच्याची, एल्रॉयची नोकरी या तिन्ही गोष्टी मागच्या वेळी होत्या तशाच आहेत. तू पुण्यात केल्विनदादाकडे सुखात असशील आणि गुडघा फार त्रास देत नसेल, अशी आशा करते. (मम्मीने तुझ्यासाठी तेलाची बाटली भरून ठेवली आहे, पण कुरियरवाला तेल घेत नाही. एल्रॉय म्हणाला, वर 'पवित्र पाणी' असं लिही, तो घेईल. मी लिहिलं नाही, कारण ते पवित्र पाणी नाही.)

पत्र लिहायचं कारण असं, की ऑगस्टपासून मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा नाण्याचा विषय निघताच तुझ्या दारावर कोणीतरी आलं. पुण्यात तुझ्याकडे इतकी माणसं येत-जात असतात हे ऐकून बरं वाटलं. पण विषय महत्त्वाचा आहे आणि तो मुळात नाण्याचा नसून पप्पांचा आहे. पप्पा अकरा वर्षांचे असताना आजोबांचं चांदीचं नाणं घरातून नाहीसं झालं, ते पप्पांनीच विकलं असं ठरलं, आणि गेली अठ्ठेचाळीस वर्षं अख्खं बंदर त्यांना 'नानेवाला स्टॅनी' म्हणतं. तुला हे माहीत आहेच. नाणं यंदाच्या मे महिन्यात आपल्याच घरात सापडलं, हेही फोनवर तुझ्या कानावर पडलं असेल (दाराची बेल वाजण्याआधी). सापडलं कसं ते सांगायचं राहिलं.

आजीचा तो चौकोनी पत्र्याचा डबा तुला आठवत असेल, ज्यात पावसाळ्याचे सुके बोंबील भरायचे. बोंबलाच्या डब्याला पाणी लावायचं नाही, हा आजीचा नियम तिच्या मागे मम्मीनेही पाळला. दर वर्षी जुना चुरा झटकायचा, नवे बोंबील भरायचे, आणि तळाच्या वर्तमानपत्रांना हात लावायचा नाही. फार तर वरून आणखी एक घालायचं. यंदा डब्याचा एक कोपरा गंजून गळाला म्हणून मम्मीने प्लॅस्टिकचा ड्रम आणला आणि जुना डबा भंगारात द्यायला उलटा केला. वर्तमानपत्रांचा थर ठोकळ्यासारखा बाहेर पडला. सगळ्यात तळाशी वहीच्या पानाची घडी होती, आणि घडीत नाणं. त्या पानावर क्रोशाच्या लेसचे टाके लिहिलेले आहेत. अक्षर तुझं आहे, आत्या. तू मला लहानपणी पाठवलेली वाढदिवसाची नऊ कार्डं माझ्याकडे आहेत, ती शेजारी ठेवून मी खात्री केली. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही, निरीक्षण म्हणून लिहिते आहे.

आता नाण्याबद्दल. ते काळं पडलेलं नव्हतं. मधोमध फिकट सोनेरी, त्याभोवती जांभळं आणि कडेला मोरपिशी निळं होतं, आणि कागदाची घडी जिथे बसली होती तिथे एक सरळ पांढुरकी रेघ. मागची बाजू मात्र बोंबलाकडे तोंड करून असल्यामुळे अंधारी झाली आहे. (चांदीला गंधकाची वाफ लागली की असा थर धरतो आणि सुक्या मासळीत गंधक असतं. मी हे जेवताना सांगितलं, तेव्हा एल्रॉय म्हणाला, बघा, बी. एस्सी. केमिस्ट्रीचा उपयोग झाला, तीन वर्षांत पहिल्यांदा.) मम्मीने ते पाहिल्याबरोबर चिंच भिजत घातली. तिचं म्हणणं, "असं काळंनिळं नानं कोनाच्या हातात दिलंस तर म्हनतील, यांच्या घरात चिंच नाय का." मी चिंच ओतून दिली आणि त्यावरून दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. मग आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी मला त्यांच्या भावाचा नंबर दिला. जयवंत सर, राहणार बोळिंज, बँकेतून निवृत्त, पन्नास वर्षं नाणी जमवतात. त्यांनी फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, की घासू नका, पुसू नका, आणि मी बघेपर्यंत जशा वातावरणात सापडलं तशाच वातावरणात ठेवा.

इथे माझी चूक झाली. सरांना डब्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि मला त्यांच्या सांगण्यात कमीजास्त करायचं नव्हतं. मी भंगारातून डबा परत आणला, वर्तमानपत्रं होती त्या क्रमाने लावली, नाणं त्याच घडीत ठेवलं आणि वरून यंदाचे पाव किलो बोंबील भरले. (मम्मी म्हणाली, नव्या ड्रमला काय झालं. मी म्हटलं, वातावरण.) तीन महिने डबा असाच होता, कारण सर अमेरिकेत मुलीकडे गेले होते. ऑगस्टमध्ये ते आले आणि मी डबा घेऊन निघाले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सरांच्या कॉम्प्लेक्समध्ये लिफ्टपाशी सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. डब्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाणं. त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, कसलं. मी म्हटलं, चांदीचं. "मॅडम, चांदीला असा वास येतो?" मी म्हटलं, गंधकामुळे येतो, आणि पुढे समजावून सांगणार होते, पण तोवर लिफ्ट आली आणि ते चढले नाहीत. वर सरांनी डबा गॅलरीत उघडला. मग त्यांच्या मिसेस, आशालता काकू, आतून आल्या. ते दोघं मालवणकडचे. या बिल्डिंगमध्ये आल्यापासून अकरा वर्षं सुकी मासळी तव्यावर टाकायचं धाडस झालेलं नाही, असं काकू म्हणाल्या आणि बोंबील उचलून आत घेऊन गेल्या. सर नाणं भिंगाखाली धरून मला सांगत होते, की कागद, डबा, बोंबील, सगळा पुरावा जपून ठेवायला हवा. तेवढ्यात आतून कांदा परतल्याचा वास आला. खिडक्या लावून घेऊन आम्ही तिघांनी भाकरीबरोबर पुरावा खाल्ला. चांगला झाला होता.

सरांनी सांगितलं ते तुला थोडक्यात लिहिते, कारण इतकी वर्षं घरात काय होतं हे तुलाही कळायला हवं. हे बाजारात चालवायचं नाणं नव्हे, प्रूफ आहे. म्हणजे आरशासारख्या घासलेल्या साच्यातून सावकाश, एकाहून जास्त वेळा दाबून काढलेलं, केवळ बघण्यासाठी. १९७४ सालचं आहे. अशी नाणी लोक डबीतून काढून हाताळतात, पुसतात आणि खराब करतात. हे एकाही माणसाचं बोट न लागता राहिलं, आणि असे रंग त्यांनी पन्नास वर्षांत दोनदाच पाहिले. (नाणं ठेवणाऱ्याने ते कडेला धरून ठेवलं असणार, असंही ते म्हणाले. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं.) मुंबईला एका संस्थेकडे पाठवलं तर ते तपासून त्याचा दर्जा ठरवतात आणि अंक छापून कडक पारदर्शक डबीत सीलबंद करून देतात. मला वाटलं, हेच हवं. डबीवर छापलं जाईल, ती बंदरावर चार माणसांना दाखवता येईल, आणि नाणं विकलं गेलंच नव्हतं हे पप्पांना तोंडाने सांगत बसावं लागणार नाही.

अर्जात एक रकाना होता: नाणं आजवर कुठे व कसं ठेवलं होतं. जागा एका ओळीची होती. सर म्हणाले, 'कागदात गुंडाळून, घरात' एवढं लिही. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. मी दोन पानांचं जोडपत्र जोडलं. त्यात आजीचा नियम, वर्तमानपत्रांच्या तारखा, गंधकाचं समीकरण आणि 'मे ते ऑगस्ट या काळात सल्ल्यानुसार पाव किलो ताजे सुके बोंबील घातले' हे सगळं लिहिलं. ऑक्टोबरमध्ये नाणं साध्या पिशवीत परत आलं. सोबत एक चिठ्ठी होती: रंग कृत्रिमरीत्या आणला असल्याची शंका, दर्जा देता येत नाही. म्हणजे बापावर चोरीचा आळ होता, आता मुलीवर बनावटीचा आहे. एल्रॉयने मला 'बोंबीलवाली' म्हणायला सुरुवात केली आहे. ते बंदरापर्यंत जाऊ नये म्हणून मी त्याचे दोन शर्ट इस्त्री करून दिले.

फेरतपासणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी नाणं अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी डब्यात गेलं, या मे महिन्यात नव्हे, असं माहीतगार व्यक्तीने सहीनिशी लिहून द्यायला हवं. माहीतगार व्यक्ती हयात एकच आहे.

तू ते का केलंस, हे मी मम्मीकडून जमवलं आहे. चुकत असेन तर दुरुस्त कर. टांकसाळीतल्या कोणा साहेबांची होडी खाडीच्या चिखलात रुतली, आजोबांनी ती ओढून काढली, आणि त्यांनी आभार म्हणून हे नाणं पाठवलं. त्यावर एक छोटंसं कुटुंब कोरलं आहे. आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते येशू, मारिया आणि योसेफ यांचं पवित्र कुटुंब समजून देवाच्या फोटोखाली ठेवलं आणि येईल त्याला कपाळाला लावायला दिलं. (आणि हे एकाही माणसाचं बोट न लागलेलं नाणं कसं, हे मी सरांना विचारलेलं नाही. बहुधा ते डबीसकट लावायचे.) तुला बघायला उत्तनहून पाहुणे आले, तेव्हा आजोबांनी ते त्यांच्याही पुढे केलं. त्यांच्यातली एक बाई शाळेत गेलेली होती. तिने नाण्यावरची ओळ मोठ्याने वाचली: नियोजित कुटुंब, सर्वांना अन्न. समोर आजी बसलेली, मांडीवर सातवं. पाहुणे चहा न पिता गेले. पुढच्या रविवारी दुसरे पाहुणे यायचे होते, आणि त्या शनिवारी नाणं नाहीसं झालं. दुसऱ्या पाहुण्यांकडे तू सून म्हणून गेलीस. इकडे त्याच शनिवारी पप्पांची जीभ बर्फाच्या गोळ्याने लाल झालेली आजोबांनी पाहिली, आणि तेवढा पुरावा त्यांना पुरला.

तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. फक्त मी नंतर सांगितलं असतं, असं मला वाटतं. सोबत तीन ओळींचा मजकूर टाइप करून जोडला आहे. खाली सही, तारीख आणि केल्विनदादाची साक्षीदार म्हणून सही, एवढंच लागेल. परत पाठवायला पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे. पप्पांना जानेवारीत साठ पूर्ण होतील. त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सानंतर सगळे जेवायला थांबतात, तेव्हा ते तीन ओळींचं पत्र कोणीतरी वाचावं, असं माझ्या मनात आहे. वाचायला मी तयार आहे.

केल्विनदादा, वहिनी आणि मुलांना प्रेम. गुडघ्याची काळजी घे.

तुझी
नेहल

ता. क. पप्पांबद्दलचं पत्र त्यांना न दाखवता पाठवणं बरोबर वाटलं नाही, म्हणून काल जाळी शिवत बसले होते तेव्हा त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ती सही मागू नको तिच्याकडनं. मी बघितलंय तिला डब्यात ठेवताना. चुलीमागं होतो मी." मी विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाले, "बोललो असतो तर बाबाने रविवारी परत काढून पुढं केलं असतं." मी म्हटलं, लग्नानंतर तरी सांगायचं. त्यावर म्हणाले, तोपर्यंत नाव पडलं होतं, आणि बंदरावर स्टॅनी चार आहेत. निरोप, डिझेल, लग्नाची आमंत्रणं, सगळं नानेवाला म्हणून बरोबर घरी येतं. आता या वयात पुसून काढलं तर लोकांना नवीन काहीतरी शोधावं लागेल, आणि ते काय शोधतील याचा भरवसा नाही.

ता. क. २. तेव्हा सोबतच्या कागदावर सही करू नकोस. फेरतपासणीच्या अर्जात मी 'कोणी ठेवलं, माहीत नाही' असं लिहून आज पाठवलं. माझ्या हातून हे लिहायला बराच वेळ लागला, आणि दर्जा मिळणार नाही असं जयवंत सरांचं मत आहे.

ता. क. ३. पप्पांनी चुलीमागून बघितलं हे मी तुला कळवलं, असं त्यांना कळू देऊ नकोस. मी हा भाग लिहिणार नाही असं त्यांना कबूल केलं आहे. नाताळला मात्र नक्की ये. पप्पा तुला नाणं दाखवणार आहेत. पहिल्यांदाच बघतेस असं कर. तेही तसंच करणार आहेत.