स्वीडनचा तो माणूस आमच्या घरी आला तेव्हा

सर, आज वर्गात व्याजदर शिकवला. कर्ज स्वस्त आणि धंद्यात नफा जास्त, असं झालं की लोक कर्ज काढत सुटतात आणि भाव चढतात, हे त्या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं. रिझर्व्ह बँक दर बदलते तेव्हाच्या चर्चेत आजही त्याचा विचार असतो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तो बँकेत होता का?" मग मी त्याची गोष्ट सांगितली, तुम्ही भवानी पेठेतल्या आमच्या घरी सांगितली होती तशी.

बी.ए. झाल्यावर अप्पांनी माझं लग्न ठरवायला घेतलं होतं. एम.ए.साठी रदबदली करायला तुम्ही स्वतः आलात. अप्पा नुकतेच पॉवरलूमवरून आलेले, केसांत अजून कापसाचं तूस. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय. "ही शिकणार तरी काय?" असं अप्पांनी विचारलं, म्हणून तुम्ही त्या स्वीडिश माणसाची गोष्ट सांगताय : गरिबांनी मुलं कमी होऊ द्यावीत, असं हा माणूस भर सभेत बोलला, लोकांनी शिव्या दिल्या. प्रोफेसर व्हायला पन्नाशी आली. पुढं धर्माची थट्टा केली म्हणून तुरुंगातही गेला.

अप्पा म्हणाले, "सर, जेलात गेलेल्या माणसाचं शास्त्र आमच्या पोरीला कशाला?"

मला वाटलं, संपलं.

आईनं मान वर न करता विचारलं, "त्याची बायको काय करायची?"

"ती दोन मुलं झाल्यावर कायदा शिकली," तुम्ही म्हणालात.

आई अप्पांशी आमच्या घरच्या तेलुगूत थोडंसंच बोलली. मग तुमच्याकडं वळून म्हणाली, "जाऊ दे की हिला. लग्न काय, नंतर बी हुतंय."

सर, आता मी तुमच्याच विभागाची प्रमुख आहे. आणि त्या माणसाचं सगळं मला पटत नाही. गरिबीचं खापर त्यानं गरिबांच्या पोरांवर फार फोडलं, हे मी वर्गात स्वच्छ सांगते. तुम्ही आज हयात असता तर तासभर वाद घातला असता, आणि मी मागं हटले नसते.

हे पत्र कुठं जाणार नाही, ठाऊक आहे. तुमचे आभार मानायला बसले होते. पण लिहिता लिहिता कळलं, की आभार आधी जिचे मानायला हवेत ती पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत बसलीय, आणि तिला मी हे अजून एकदाही म्हटलेलं नाही. उठते.