गप्प बोटं

२ फेब्रुवारी
हात भाजला! उजवा. डाव्याने लिहितेय — अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
लाँड्रीत जाऊबाई आणि मी. प्रेसखाली कॉलरला चुणी राहिली म्हणून मी हात घातला, त्याच क्षणी त्यांचा पाय पेडलवर. वाफ मनगटापर्यंत आली, अंगठा आणि तर्जनी तापल्या पत्र्याखाली चेपली. जाऊबाईंनी टूथपेस्टची अख्खी ट्यूब फासली.
हाताची पाठ नुसती आग-आग करतेय, फोड टरारलेत. ती दोन बोटं मात्र शहाणी — पांढरी पडलीत, पण गप्प. तेवढी तरी वाचली.

३ फेब्रुवारी
जाऊबाईंनी ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी टूथपेस्ट धुतली, मग आम्हाला धुतलं. "भाजल्यावर हात नळाखाली धरायचा. दात घासायचे नाहीत!"
नुसतं लाल झालंय ते आठवड्यात जाईल. फोडांना दोन-तीन आठवडे. "बोंबलतंय त्याची काळजी नाही. मला या गप्प बोटांची काळजी आहे." तिथली कातडी पार खोलवर जळलीये, दुखणं कळवणाऱ्या नसाही गेल्या. मांडीची कातडी लावायची म्हणे.
मी एकच विचारलं — कापड कळेल का? रेशीम खरं की नकली, हे मी चिमटीत धरून सांगते, त्यावर इस्त्री किती तापवायची ते ठरतं. चुकलं की गिऱ्हाइकाचा कपडा गेला.
"थोडंफार कळेल. कदाचित."
कदाचित! घाबरलेय मी.

११ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. जाऊबाई म्हणतात, "मांडीची कातडी ना? आता बोटांना बसून राहायची सवय लागणार." हसता हसता रडायलाच लागल्या. "पाय माझा होता गं." म्हटलं, आणि हात कुणाचा होता? न सांगता घातला तो?

२० मार्च
दुकानात गेले. कापड चिमटीत धरलं. काही नाही. लाकूड.

६ जुलै
डाव्या चिमटीवर भरवसा ठेवला आणि रेशमी स्कार्फ जाळला. जाऊबाई गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "चूक माझी." फार राग आला मला. त्यांचा नव्हे, या हाताचा. बहुतेक दुकान सोडावं लागणार.

१४ नोव्हेंबर
इस्त्रीचा चटका बसला. त्याच अंगठ्याला. "आई गं!" ओरडले. जाऊबाई धावत आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.
"काय झालं?"
"दुखतंय."
"परत म्हण."