वलांडीखालचं प्रेत

पालघर, ८ डिसेंबर २०२४

ती. आनंदीआत्यास,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

जमनामावशी बाजार उरकून नवापूरला निघालीय, तिच्या रिकाम्या टोपलीत हे पत्र टाकतेय. फोनवर बोलले असते, पण तिथे बाबा तुझ्या बाजूलाच असतात आणि तुझा फोन अख्ख्या गावाला ऐकू जातो.

परवाच्या शूटिंगचं मला अजून रडू येतंय. कॉलेजसाठी थरारपटाची नुसती दोन मिनिटांची सुरुवात करायची होती. बांबूच्या वलांड्यांवर टांगलेले बोंबील सुकतायत, सगळं शांत, आणि खाली वाळूत एक प्रेत. प्रेत म्हणून तू किती छान पडली होतीस! गुळाच्या पाण्यात कुंकू कालवून केलेल्या रक्ताला मुंग्या लागल्या, तरी हलली नाहीस. आणि आभाळ भरून आलं तशी उठून पळालीस! तुझ्यामागे बाकीच्या बायका. आणि सकाळपासून 'कोणी हलायचं नाही' म्हणून घसा फोडणारी मी सगळ्यांच्या पुढे! जमनामावशीचे बोंबील ताडपत्रीखाली गेले, माझी फिल्म मात्र पाण्यात गेली. एक शॉट धड नाही, आणि कॉलेजचा कॅमेराही परत दिला.

बाबांचं तुला ठाऊक आहे. ही फिल्म पास झाली नाही तर शिक्षण बंद, आणि जानेवारीपासून तारापूरच्या कारखान्यात कारकून म्हणून चिकटायचं. त्यांनी तिथे शब्द टाकून ठेवलाय. आत्या, मला ते नकोय. मला फिल्मच करायच्यात. काय करू, सांग.

लोभ असू दे. आणि सुकटही पाठव, ती नसली तरी चालेल असं मुळीच नाही.

तुझी,
उन्नती

नवापूर, ११ डिसेंबर २०२४

चि. उन्नतीस,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. जमनाने ते कोलंबीच्या पाण्यात बुडवलं नाही, हेच विशेष.

मी मेले होते हे कबूल. पण उताणी पडले होते ना, आभाळ सगळ्यांत आधी मलाच दिसलं! ढग आले की माल कोणाचा हे आपल्याकडे कोणी विचारत नाही, हाताला लागेल ती वलांडी रिकामी करायची. तू तिथे नुसती उभी राहिली असतीस, तर मला तुझी लाज वाटली असती. तेव्हा डोळे पूस.

एक मात्र विचारायचं राहिलं. तो बोईसरच्या कॉलनीतला तुझा कॅमेरावाला दर्पण एकटाच तिथे खांबासारखा उभा होता, तोंड उघडं टाकून. आपण कशाला धावतोय हे बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नाही. गावावर काही संकट आलं असं वाटलं असेल त्याला. त्याने कॅमेरा बंद केला होता का गं? बघ जरा.

दादाची काळजी नको. तो तेव्हा बोटीवर होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही. जमनालाही दम दिलाय. साडीवर डाग कसला म्हणून दादा विचारत होता, तर देवाचं कुंकू सांडलं म्हटलं. तुझ्यापायी या वयात खोटं बोलायला लागले.

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी आत्या (सध्या जिवंत)

पालघर, २२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, तुझ्या पाया पडते! दर्पणने कॅमेरा बंद केलाच नव्हता. घाबरून बटण दाबायचं विसरला. मी चिडून ते चित्रण उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता सुरुवात अशी आहे. बोंबील वाऱ्यावर हलतायत. वाळूवरून सावली सरकत येते. बायका एकदम वर बघतात, अवाक्षर न बोलता धावत सुटतात. आणि मग प्रेतही उठून धावतं! पाऊस दिसायच्या आधीच मी तोडलंय.

फिल्मसोबत 'मी काय शिकले' यावर चार पानं लिहून द्यायची असतात. मी खरं तेच लिहिलं. भीती दाखवायची म्हणून मी गुळाचं रक्त करत बसले, आणि आपल्या वाळूवर रोजची असलेली धडकी मला दिसलीच नाही. ती दर्पणला दिसली, कारण तो परका होता. आमच्या जागृती मॅडम म्हणतात, पाहणाऱ्याला 'पुढे काय?' असं विचारल्याशिवाय राहवलं नाही, तरच सुरुवात पास.

पाच जानेवारीला कॉलेजात सगळ्यांच्या फिल्म दाखवणार आहेत. बाबांना घेऊन ये ना, काहीही सांगून. मला फार भीती वाटतेय.

तुझ्या मायेवर विसंबून,
उन्नती

नवापूर, ६ जानेवारी २०२५

चि. उन्नतीस,
अ. उ. आ.

काल तू पुढे पडद्यापाशी होतीस, त्यामुळे खरी गंमत तुला दिसलीच नाही. दादा माझ्या शेजारी हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या पाडून बसला होता. वाळूवर सावली आली मात्र, तो खुर्चीतून उठला! खरंच उठला गं, अंधारात पायाने चपला शोधायला लागला. मागची माणसं खाली बसा, खाली बसा म्हणून ओरडली, तेव्हा भानावर आला. प्रेत माझंच होतं, पण ओळखलं असेल तर शपथ!

मॅडमनी तुला पास केल्याचं आम्ही ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दादा मात्र नवापूर येईपर्यंत गाडीच्या खिडकीतून आभाळच बघत होता. आज सकाळी स्वतःच पेन मागितलं. खाली लिहितोय, मला बघू देत नाही.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आत्या

चि. उन्नतीस आशीर्वाद.
तुजं पिक्चर पायलं. कालधरनं डोक्यातून जात नाय. त्या बायका धावल्या, प्रेत बी धावलं, मंग फुडं काय झालं? आनंदीला विचारलं तर ती नुसती हसते, सांगत नाय. कारखान्यात आमी नाय म्हणून कळवलं हाय. फुडचं तू बनव, वरीस लागंल तर लागू दे. पण माल वाचला का, तेवडं आदी कळव.
बाबा