सासऱ्यांसमोरची मान

तासगाव, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या बेदाण्याच्या धंद्याला सल्ला देणारा तो परदेशी पीटर. आज त्याचं भाषण मोबाईलवर पाहिलं. त्यात माझाच फोटो! डोक्यावर पदर, मान खाली. म्हणतो, "हिच्यात आत्मविश्वासच नव्हता, तो मी दिला."

अरे, फोटो काढला तेव्हा समोर सासरे बसले होते! हाच पदर घेऊन मी सौद्यात व्यापाऱ्यांना घाम फोडते, ते दिसलं नाही?

मामंजींनाही दाखवलं. म्हणाले, "मला सांगायचंस की गं, उठून गेलो असतो मी." लय लागलं ते.

सोडून देऊ? न्हाई.

रविवारी पीटर इथल्या बागायतदारांपुढे बोलणार आहे, आणि त्याचं इंग्रजी बोलणं लोकांना मराठीत सांगणार मी. मामंजी पहिल्या रांगेत असतील. माझ्या डोक्यावर पदर असेल, मान खाली असेल. आणि तो काय बोलला, ते मी ठरवणार.