कव्हर घातलेलं पुस्तक

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीला आता उशीला टेकून बसता येतं हे वाचून बरं वाटलं. तिचं सगळं अंथरुणातच करायचं म्हणजे तुम्हा बापलेकींची किती ओढाताण होत असेल, ते मला इथे बसूनही कळतं.

आता माझं ऐक. आमच्या हॉस्पिटलातल्या नोंदणीच्या खिडक्या बंद होणार. त्या जागी मशीन येणार आणि पेशंट आपणच बटणं दाबून नंबर घेणार. म्हणजे मी घरी. पण वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या खोलीत एक कायमची जागा निघाली आहे आणि ती हॉस्पिटलातल्याच कुणाला तरी द्यायचं ठरलंय. अट एवढीच की सप्टेंबरअखेर कॉम्प्युटरची ती पहिली परीक्षा पास व्हायची. जागेबरोबर मागच्या इमारतीत खोलीही मिळते. नाही जमलं तर तू म्हणतोस तसं तुझ्याकडे यायचं आणि वहिनीचं बघायचं. तू प्रेमानेच म्हणतोस. पण दादा, आजवर दुसऱ्यांच्या खोल्यांत खाट टाकून राहिले, आता स्वतःची खोली हवीशी वाटते. रागावू नकोस.

पुस्तकांचा मात्र घोळ झालाय. दुकानातलं नवं पुस्तक उशीएवढं जाड आहे. किंमत ऐकून मी ते हळूच होतं तिथे ठेवलं. रस्त्यावर जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण त्यातलं कुठलं चालेल ते कोण सांगणार? दुरुस्तीच्या खोलीतला चष्मेवाला म्हणतो, पुस्तकावर पैसे घालूच नका, इंटरनेटवर फुकट धडे आहेत ते बघा आणि सराव प्रश्नांचा एक स्वस्त संच घ्या. तू स्वतः कॉम्प्युटरचा क्लास चालवतोस. तू म्हणशील ते घेते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आणि तुझी भाची पोट धरून हसलो. लहानपणी तू बाबांचा रेडिओ उघडलास, तो पुन्हा म्हणून बोलला नाही. आता हॉस्पिटलवाले तुझ्याच हातात स्क्रू ड्रायव्हर देणार म्हणजे पेशंटांचं काही खरं नाही. चाळिशी उलटली, केस पिकले आणि बाईसाहेब परीक्षेला बसणार. असू दे, हौसेला मोल नसतं.

त्या चष्मेवाल्याच्या नादी लागू नकोस. फुकटचे धडे, संच, जुनं, नवं, असं चार ठिकाणी तोंड घातलंस तर एक ना धड भाराभर चिंध्या. एकच पुस्तक घ्यावं आणि ते घोटावं. ते मी सोबत पाठवतोय, तुला पदरचं काही घालायला नको. कव्हरही मीच घातलंय, बाबा शाळा सुरू व्हायच्या आधी आपल्या पुस्तकांना घालायचे तसंच, कडा आतून डिंकाने चिकटवून. ते काढू नकोस, कोपरे मुडपतील.

वहिनीला बोलता येत नाही, पण तुझं नाव निघालं की डोळे पुसते. पास झालीस तर आनंदच आहे, आणि नापास झालीस तर जास्त आनंद, कारण मग तू आमच्यात येशील. चेष्टा करतोय गं.

माया आहे तशीच ठेव.

तुझा,
दादा


१० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुस्तक जवळजवळ पाठ झालंय. पहिल्या दिवशी पार्सल सोडलं तेव्हा कव्हर बघूनच मला रडू फुटलं. बाबा गेल्यापासून माझ्यासाठी कुणी असं काही केलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत खिडकी ओढून घेते आणि वाचत बसते. बाकीच्या बायका मला प्राध्यापकीणबाई म्हणायला लागल्यात.

एक शंका आहे. चष्मेवाल्याने परवा चार प्रश्न विचारले. मोबाइल दुरुस्तीबद्दल, आणि फायली दूरच्या कुठल्याशा मशीनवर ठेवतात त्याबद्दल. आपल्या पुस्तकात त्यातलं अवाक्षर नाही. तो म्हणाला, पुस्तकाच्या पाठीवर परीक्षेचा नंबर छापलेला असतो, कव्हर काढा, मी बघून सांगतो. मला इतका राग आला. माझ्या भावाने स्वतःच्या हाताने घातलंय, काढायचं नाही, असं मी त्याला सुनावलं. तरी त्याचा वापरून झालेला प्रश्नसंच द्यायला तयार आहे, फुकट. घेऊ का? तू हो म्हटल्याशिवाय घेणार नाही.

जीव लावतोस तसाच लावत जा.

तुझी,
धाकटी


१६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परक्या पुरुषाकडून फुकट वस्तू घेणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात, ते तुला या वयात मी सांगायला नको. संच घेऊ नकोस. तू त्याचं ऐकलं नाहीस म्हणून तो तुला घाबरवतोय. रॅम ती रॅम आणि माउस तो माउस, त्यात नवं काय येणार? पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाच.

मागची खोली रिकामी करून घेतोय. क्लासची खोकी पडली होती तिथे. मुद्दाम असं काही नाही, सहज.

काळजी करू नये, माया असू द्यावी.

तुझा,
दादा


५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा निकाल कळला. वाईट वाटलं गं. बाबा मात्र गुणगुणत फिरतायत, मागच्या खोलीला पडदाही लावला.

तुला अंधारात ठेवून इथे आणणं माझ्या मनाला पटत नाही, म्हणून खरं ते लिहिते. ते पुस्तक बंद झालेल्या परीक्षेचं होतं. आता तो अभ्यासक्रमच राहिलेला नाही. क्लासमध्ये आम्ही ती पुस्तकं मॉनिटरखाली ठेवतो, उंची येते म्हणून. आतलं नावाचं पान बाबांनी फाडलं आणि पाठीवरचा नंबर दिसू नये म्हणून कव्हर घातलं. डिंक मीच आणून दिला. तुला तेव्हाच कळवणार होते, पण मला परगावी नोकरी लागायची होती आणि आईला टाकून कशी जाणार? आता लागली. पगारी बाई ठेवायची तर बाबांना परवडत नाही, आणि परकी बाई आपल्यासारखं करत नाही.

रागावू नकोस. तुझं तसं काही अडलेलं नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही, तुला खोली मिळाली काय नि न मिळाली काय, फरक कुणाला पडतो? माझं सगळं आयुष्य पुढे पडलंय. तू समजून घेशील, तू नेहमीच घेतेस. आईची कूस वरचेवर बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलते. भरवताना घाई केली की तिला ठसका लागतो. बाबा पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतील. मी सोमवारी निघते.

तुझा आशीर्वाद गृहीत धरते.

तुझी लाडकी,
भाची


१० ऑक्टोबर

श्री. क्लासवाले यांस,
स. न. वि. वि.

रविवारी गाडी आणू नका. मी येणार नाही.

परीक्षेत पाठ केलेलं काही आलं नाही आणि जे आलं ते कधी वाचलं नव्हतं. मला वाटलं, माझीच अक्कल कमी पडली. चार दिवस स्वतःलाच शिव्या घालत होते. तुमचे कष्ट वाया घालवले म्हणून तुमची माफी मागणारं पत्रही लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात तुमच्या मुलीचं पत्र आलं.

दुरुस्तीची जागा आमच्या धुलाईखान्यातल्या मुलीला मिळाली. फुकटचे धडे बघून ती पास झाली. खोलीही तिलाच. मला ती पुन्हा कधी मिळणार नाही, माझ्या वयाच्या बाईला अशी संधी एकदाच येते आणि ती तुम्ही खाल्लीत. एवढं वाईट मला बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

मी बायकांच्या वॉर्डात आया म्हणून लागले आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना उचलायचं, पुसायचं, भरवायचं. तुम्ही जे माझ्याकडून फुकट करून घेणार होतात, त्याचा इथे पगार मिळतो. झोपायला बाकीच्या आयांच्या दालनात खाट आहे.

तुमच्या बायकोने माझं कधी वाकडं केलं नाही. तिच्यासाठी जीव तुटतो, तरी मी येणार नाही. घरी निभत नसेल तर तिला इथे दाखल करा. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं करते तसंच तिचंही नीट करीन. मी घरी का आले नाही, ते तिला पहिल्याच दिवशी सांगेन. बोलता येत नसलं तरी तिला सगळं ऐकू येतं. मग ती तुमच्याकडे आणि तुमच्या मुलीकडे बघेल, ते तुमचं तुम्ही सोसा. मुलीला म्हणावं, सोमवारचं तिकीट परत कर.

पेशंटला भेटायची वेळ चार ते सहा. नातेवाइकांनी आयांशी बोलू नये, असा इथला नियम आहे.

लोभ नसावा, ही विनंती.

आया,
बायकांचा वॉर्ड