सुरंगीखालचा खड्डा

रत्नागिरी,
६ जुलै २००९

प्रिय सलिल,

हक्कसोडपत्राचा मसुदा पोचल्याचं तू परवा फोनवर सांगितलंस, आणि त्याच दमात, सतरा तारखेला येतो, सही करतो, संध्याकाळच्या गाडीने नाशिकला परत, असंही म्हणालास. इतक्या सहज म्हणालास की फोन ठेवल्यावर मी तिथेच उभी राहिले. आपल्याकडे हक्कसोड देतात त्या बहिणी. माहेरचे आंबे येत राहावेत, दाराशी गेलं तर कुणी बस म्हणावं, म्हणून मुकाट सही करतात. इथे भाऊ बहिणीला वडिलांचं घर सोडतोय याचं तुझ्या भाऊजींना केवढं कौतुक. चार जणांना सांगून झालंय. तुमच्या पडवीत त्यांचं निवडणुकीचं कार्यालय होणार आहे, आणि अंगणभर कोबा घालायचा आहे. तू सही करण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि उन्मेषलाही दे, एवढंच माझं म्हणणं. मध्येच ठेवून देऊ नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे, शाळेत असल्यापासून एक पुस्तक धड संपवलं नाहीस.

गुरुवारी कलम ३७७ वर दिल्लीच्या कोर्टाचा निकाल आला तेव्हा तुम्ही दोघं कुठे होतात? मी चूल सोडून टीव्हीसमोर उभी होते. दोन तरुण मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती आणि खालून बातमीची पट्टी पळत होती. भाऊजींनी टीव्ही बंद केला, थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा लावला. मग फोन सुरू झाले. ऑक्टोबरात निवडणूक आहे, तिकिटासाठी हे रांगेत उभे आहेत, तेव्हा पक्षाचा निरोप आला की प्रत्येकाने निषेधाचं निवेदन द्यावं. समोरच्या पक्षाच्या माणसाला पेपरवाल्यांनी विचारलं तर म्हणे, निकालपत्र वाचून सांगतो. तो जन्मात निकालपत्र वाचायचा नाही. निवेदन अर्थात मीच लिहायचं. दिव्याच्या मीटरपासून एसटीच्या थांब्यापर्यंत गावाचे सगळे अर्ज माझ्या हातचे, भाऊजींची सगळी भाषणं माझ्या हातची. कचेरीतला शिपाईसुद्धा माझं अक्षर लांबून ओळखतो. पहिलं वाक्य त्यांनीच सांगून ठेवलंय, आमच्या कोकणात असले प्रकार कधी नव्हते आणि नाहीत. काल दुपारभर मी त्या एका वाक्यासमोर बसले होते.

नव्हते म्हणजे काय रे? अठ्ठ्याण्णव साली तू उन्मेषला घेऊन आलास तेव्हा गावाला डोळे नव्हते का? खेडचा मुलगा, भाट्याला नारळ संशोधन केंद्रात नोकरी, सकाळी डबा घेऊन जायचा आणि येताना तुझ्यासाठी बाजार घेऊन यायचा. तू घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायचास. त्याच वर्षी मुंबईत दोन बायकांच्या प्रेमाच्या कुठल्याशा सिनेमावरून थिएटरच्या काचा फुटल्या, तेव्हा जेवताना भाऊजीच म्हणाले होते की ज्याला बघायचा नाही त्याने घरी बसावं. पुढच्या शिमग्याला पालखी तुमच्या अंगणात आली आणि प्रश्न पडला, घरात बाई नाही, देवीची ओटी कोण भरणार. पोरं खिदळायला लागली. उन्मेष कानापर्यंत लाल झाला होता. तेव्हा गोदाकाकूने सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "घरात जो चूल सांभाळतो तो भरील. देवीला हात दिसतो, बांगड्या नाय दिसत." आणि उन्मेषने धोतर नेसून ओटी भरली. त्यानंतर आणखी दोन वर्षं त्यानेच भरली. कुणी त्याला नाव दिलं नव्हतं तोवर गावाला ते खपत होतं.

नाव दिलं त्या अर्जाने. दोन हजार एकच्या डिसेंबरात देवळाच्या खांबाला चिकटवलेला सापडला, खाली सही नाही. तुमच्या दोघांबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं की शिकवणीला मुलगे पाठवणाऱ्या पालकांनी आपला विचार करावा. आठ दिवसांत तुझी पडवी ओस पडली. मग गावकी बसली. भाऊजी जिल्हा परिषदेला उभे होते, त्यांनी एक शब्द टाकला असता तर गाव ऐकणार होतं. ते म्हणाले, माझ्या मेव्हण्याचा विषय आहे, मी काय बोलू, गाव ठरवील ते मला मान्य. गावाने ठरवलं, या घराशी देणंघेणं नाही आणि पालखी इथून पुढे या अंगणात जाणार नाही. तू तो अर्ज रावजी गुरवाकडून मागून घेतलास, बराच वेळ बघत राहिलास, घडी घालून परत दिलास. शिमग्याच्या आधी तुम्ही गेलात, आणि भाऊजी निवडून आले.

यातलं तुला सगळं माहीत आहे. जे माहीत नाही ते आता सांगते. तेव्हापासून दर वर्षी पालखी तुमच्या वाटेच्या तोंडाशी जड होते. पहिल्या वर्षी वाटलं, खांदा देणारे दमले असतील. दुसऱ्या वर्षी ढोलाचा ठेका तिथेच चुकला. तिसऱ्या वर्षापासून लोक त्या वळणावर न बोलता खांदे बदलतात आणि पावलं उचलून पुढे जातात. घरी जाऊन कुणी तो विषय काढत नाही. मी एकदा काढला तर भाऊजी म्हणाले, चढ आहे तिथे. चढ नाही, तू त्या वाटेवर सायकल शिकलास.

या शिमग्याला माझ्या डोक्यात एक आलं. पालखी येण्याच्या आदल्या दिवशी लोक अंगणात खुणेचा नारळ पुरतात आणि पालखी तो शोधून काढते, तसा तुमच्या अंगणात पुरायचा. देवी आपणहून आत गेली तर गावाचा ठराव आपोआप मोडला, आणि कुणालाच काही बोलावं लागणार नाही. भाऊजींना नाही, मलाही नाही. देवीच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं, असा माझा शूर विचार. भर दुपारी सगळे लवंडले असताना मी कुंपणाच्या दगडी गडग्याच्या पडलेल्या भागातून आत गेले, सुरंगीच्या झाडाखाली हातभर खणलं, नारळ ठेवला, माती सारखी केली आणि वर पडलेली सुरंगीची फुलं पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की तालुक्याचे पक्षप्रमुख पालखी बघायला येताहेत, जेवायलाच आहेत. माझं धाबं दणाणलं. त्यांच्यासमोर पालखी त्या घरात शिरली तर यांच्या तिकिटाचं काय होईल, हे पहिलं मनात आलं. तुझं घर दुसरं. मी पुन्हा गेले, नारळ उकरून काढला, खड्डा बुजवला, फुलं पसरली. पाहुण्यांच्या सोलकढीला तोच नारळ फोडला. पक्षप्रमुखांनी दोनदा मागून घेतली.

चारच्या सुमाराला पालखी आली. पुढचा दांडा भाऊजींच्या खांद्यावर होता, पाहुणे बघत होते ना. वळणावर ती जड झाली, थांबली, आणि मग वळली. गडग्यातल्या त्याच वाटेने ती आत शिरली, चौघेही तिच्याबरोबर ओढले गेले. ढोलवाले बिचकून रस्त्यावरच राहिले, त्यामुळे आत जे झालं ते ढोलाशिवाय झालं, नुसते घुंगरू वाजत होते. सुरंगीखाली पालखी पुढे वाकली आणि दांड्याचं टोक जमिनीवर आपटायला लागली. बरोबर तिथेच, वीतभरही इकडेतिकडे नाही. पोरांनी हौसेने खणलं. माती भुसभुशीत लागली, खड्डा मोकळा झाला, आत काही नाही. पालखी आपटतच होती. रावजीने कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला, मग वर आमच्याकडे बघून शांतपणे विचारलं, "हितं कायतरी होतं. कुणी काढलंन?"

ओटीचं ताट माझ्या हातात होतं आणि सोलकढीची चव अजून तोंडात होती. मी बोलले नाही. सलिल, ती पालखी किती वेळ आपटत होती मला सांगता येणार नाही. शेवटी गोदाकाकू आत आली, ऐंशीच्या पुढे आहे आता, धड दिसतही नाही. तिने माझ्या ताटातला खण-नारळ उचलला, तुमच्या बंद दाराशी पालखी आणायला लावली आणि उन्मेषच्या नावाने ओटी भरली. तेव्हा पालखी हलकी झाली, इतकी की खांदा देणारे तोल जाऊन पुढे आले. पक्षप्रमुखांना भाऊजींनी सांगितलं, आमच्याकडे अशी गंमत असते.

तो खड्डा मात्र बुजत नाही. दुसऱ्या दिवशी गड्यांनी भरला, आठवड्यात खचला. भाऊजींनी वर जांभ्याचे तुकडे घालून धुम्मस केलं, तेही आत गेले. तीनदा भरून झाला. आता पावसात सगळं अंगण घोटाभर पाण्यात आहे आणि त्या खड्ड्यात पाणी ठरत नाही. शेजारी उभं राहिलं की पाणी आत जाताना दिसतं, कुठे जातं ते कळत नाही. मी रोज दुपारी बघून येते. मे महिन्यात एकदा परत आले तर भाऊजी पायरीवर बसले होते. म्हणाले, तू नारळ पुरलास ते मी माडीवरून पाहिलं होतं, मग तो गेला कुठे? मी सांगितलं, सोलकढीत. मी विचारलं की मग पालखी तुम्हीच वळवलीत ना, आत नारळ आहे असं समजून. मला तसं असायला हवं होतं. त्यांच्यातला जुना माणूस कुठे तरी शिल्लक आहे असं वाटलं असतं. ते म्हणाले, "मी मागे ओढत होतो, उमा. चौघंही मागेच ओढत होतो." त्याच आठवड्यात त्यांनी वकिलाला हक्कसोडपत्र करायला सांगितलं. कोबा कशासाठी हवाय ते आता तुला कळलं असेल.

आता जे सांगण्यासाठी एवढं लिहिलं ते. खांबावरचा तो अर्ज माझा होता. भाऊजींनी सांगितलं नव्हतं, त्यांना अजूनही माहीत नाही. त्या डिसेंबरात पक्षाचा माणूस आमच्या पडवीत बसून म्हणाला की घरातला प्रकार आधी मिटवा, मग तिकिटाचं बघू. मी चहा देत होते. तीन दिवस हे धड जेवले नाहीत, आणि मी ठरवलं की यांना करावं लागू नये म्हणून आपणच करावं. माझं अक्षर सगळा गाव ओळखतो, म्हणून डाव्या हाताने लिहिला. तीनदा खर्डा केला. मुलांच्या शिकवणीचं वाक्य तिसऱ्या वेळी सुचलं, आणि सुचलं तेव्हा, एखादं वाक्य नेमकं जमल्यावर वाटतं तसं मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मी विसरू शकत नाही. निवेदन मी लिहिणार नाही, हे आज सकाळी यांना सांगितलं, कारण अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी, बारा तारखेला, रावजीला गावकी बोलवायला लावली आहे. तिथे उभी राहून अर्ज माझा होता आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खोटं होतं, हे मी सांगणार आहे, भाऊजींच्या समोर. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. हे वाचून सही करायची की नाही ते तू आणि उन्मेष ठरवा. मला विचारशील तर करू नकोस, पण मला विचारावं असं तुला आता वाटणार नाही. फक्त एका गोष्टीने माझी झोप गेली आहे. त्या दिवशी तू तो कागद हातात धरून इतका वेळ बघत होतास, आणि नंतर सगळ्यांकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही. तरी दर भाऊबीजेला तुझा पहिला फोन मलाच येतो. तुला माहीत नव्हतं, असं मला एका ओळीत लिही. खोटं असलं तरी तसंच लिही.

तुझीच,
उमाताई